डेलिगेट ऑफ इजिप्त, मुक्काम पोस्ट पवन मावळ

आमच्या हॉस्टेलवर ब्लेझर कपाटाबाहेर निघतो तो दोनच वेळा. एक कॅम्पस इंटरव्ह्यूला आणि दुसरा एमयूएनला. दोन्ही वेळेला तो कुणाचा तरी उसना आणलेला असतो. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळेला ब्लेझरबरोबर अख्खा देशही उसना घ्यावा लागतो!

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही (म्हणजे मेकॅनिकलची निम्मी जनता, रागावू नका रे) त्यांच्यासाठी थोडक्यात. एमयूएन म्हणजे मॉडेल युनायटेड नेशन्स. संयुक्त राष्ट्रसंघाची नक्कल. तुम्हाला एक देश दिला जातो, एक विषय दिला जातो, आणि दोन-तीन दिवस तुम्ही त्या देशाचे प्रतिनिधी म्हणून भांडायचं. ही कल्पना राष्ट्रसंघापेक्षाही जुनी आहे. 1920च्या दशकात लीग ऑफ नेशन्स होती, तेव्हाच अमेरिकेतल्या विद्यापीठांत तिची मॉडेल अधिवेशनं भरत होती. लीग बुडाली, मॉडेल तरलं.

इथले नियम मोठे गमतीचे. "मी" म्हणायला बंदी. "मला तहान लागली" असं म्हणायचं नाही, "द डेलिगेट ऑफ इथिओपिया इज थर्स्टी" म्हणायचं. बोलायचं असेल तर देशाच्या नावाची पाटी, म्हणजे प्लॅकार्ड, उंच धरायची. मधेच बोललात तर चेअर हातोडी आपटते. आणि शेजारच्या देशाशी कुजबुजायचं नाही, चिठ्ठी पाठवायची. (शाळेत चिठ्ठी पाठवली म्हणून सिस्टर वर्गाबाहेर उभं करायच्या. इथे तीच चिठ्ठी डिप्लोमसी!)

2025च्या सप्टेंबरअखेर लोणावळ्यातल्या एका कॉलेजात अशी कॉन्फरन्स होती. आमच्या लिटररी सर्कलने दहा नावं दिली होती. त्यातल्या एकाने ऐनवेळी सबमिशनचं कारण सांगून पाय मागे घेतला आणि त्याच्या जागी मी माझ्या रूममेटला ओढलं. समिती महासभेची, विषय अनेक देशांतून वाहणाऱ्या नद्यांचा. ईमेल आला तेव्हा मी मेसच्या रांगेत होते. मला मिळाला होता इथिओपिया. तिला इजिप्त.

"अगं, पण मी तर वरच्या अंगाची," ती ताट हातात धरून म्हणाली. "मला खालच्या अंगाचं कशाला दिलं?"

हे वाक्य नीट कळायला आधी मावळ समजून घ्यावा लागतो. हॉस्टेलवर चार वर्षं काढूनही तो आपल्यापैकी बऱ्याच जणांना कळत नाही. लोणावळ्याचं पाणी म्हटलं की आपल्याला भुशी डॅमच्या पायऱ्या, मक्याची कणसं आणि एक्सप्रेसवेवरचं ट्रॅफिक आठवतं. आपल्या डोक्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, टॉवेल आठवडाभर वाळत नाही, आणि संध्याकाळी सहानंतर बाथरूमच्या नळाला पाणी नसतं. हा तिढा मी फर्स्ट इयरपासून बघतेय. पण तो आमच्या रेक्टरबाईंचा शोध नव्हे, शंभर वर्षांपासूनचा मावळी रिवाज आहे.

इंद्रायणी इथे लोणावळ्याजवळ उगम पावते. तिला तिच्या मर्जीने वाहू दिलं तर तिचं पाणी देहू-आळंदीवरून भीमेत, भीमेतून कृष्णेत, आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाणार. पण टाटांच्या कंपनीने गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वळवण, शिरोता आणि लोणावळा इथे धरणं बांधली, पाणी घाटमाथ्यावरून पाइपांतून पाचशे मीटरहून जास्त खाली सोडलं आणि 1915 साली खोपोलीला वीज तयार होऊ लागली. वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. पाणी गेलं पाताळगंगेतून अरबी समुद्राला. पुढे आंदर मावळातल्या ठोकळवाडीचं पाणी 1922 साली भिवपुरीला गेलं, 1927 साली मुळशीचं भिऱ्याला. मुळशीच्या वेळी 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरणाविरुद्धचा जगातला अगदी सुरुवातीचा संघटित लढा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. धरण झालंच. इंजिनीअर म्हणून मला या योजनेचं कौतुकच वाटतं. एवढा मोठा हेड देशात फार थोड्या ठिकाणी मिळत असेल. पण एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. पावसाचं एक थेंब पूर्वेकडे निघाला होता, त्याला आपण पश्चिमेकडे वळवलं. कृष्णेच्या पाणीवाटपाचा बचावत लवाद बसला तेव्हा टाटांच्या धरणांतून वर्षाला सरासरी सुमारे 42 टीएमसी पाणी पश्चिमेला जातं, हेही त्याला हिशेबात धरावं लागलं.

माझी रूममेट पवन मावळातली. तिच्याकडचं धरण वीज कंपनीचं नाही, सरकारी. पवना. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झालं. त्यात तिच्या आजीच्या सासरची जमीन आणि घर दोन्ही गेलं. पवना धरणग्रस्तांतल्या अनेक खातेदारांचं पुनर्वसन पुढे कित्येक दशकं रखडलं, आणि त्यात हे घरही आलं. आज ते लोक पाण्याच्या कडेलाच राहतात. तिच्या घराच्या ओट्यावरून धरणाचं पाणी दिसतं, आणि पलीकडच्या काठावर शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या लोकांचे तंबू.

पवनेचं पाणी धरणातून नदीत सोडतात, ते नदीच्या पात्रातून वाहत रावेतला पोचतं आणि तिथून पिंपरी-चिंचवड उचलतं. महापालिकेला ते नदीऐवजी थेट धरणातून बंद पाइपमधून न्यायचं होतं. त्यांचं म्हणणं, वाटेत पाणी घाण होतं आणि वायाही जातं. काठच्या शेतकऱ्यांचं म्हणणं, पाणी पाइपात गेलं की नदी कोरडी, आणि नदी कोरडी म्हणजे आमच्या मोटारी कोरड्या. 9 ऑगस्ट 2011 ला, क्रांतिदिनी, शेतकऱ्यांनी बऊरजवळ एक्सप्रेसवे अडवला. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई होती. काम थांबलं आणि बारा वर्षं थांबलेलंच राहिलं. 2023 साली सरकारने स्थगिती उठवली आणि विरोधही पुन्हा उठला.

गोळीबार झाला तेव्हा माझी रूममेट सहा वर्षांची होती. तिला एवढंच आठवतं, की त्या दिवशी घरात चूल पेटली नाही आणि कुणी तिला जेव म्हटलं नाही.

तर अशा मुलीला आम्ही इजिप्त दिला!

नाईलचं भांडण असं. इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ पडतच नाही, देश जगतो तो नाईलवर. आणि नाईलचं सुमारे पंच्याऐंशी टक्के पाणी येतं इथिओपियाच्या डोंगरांतून. 1959 साली इजिप्त आणि सुदान यांनी आपसांत करार करून पाणी वाटून घेतलं. इजिप्तला वर्षाला साडेपंचावन्न अब्ज घनमीटर, सुदानला साडेअठरा. इथिओपियाला कुणी विचारलंच नाही. मग 2011 साली इथिओपियाने स्वतःच्या हद्दीत स्वतःच्या पैशाने धरण बांधायला घेतलं. सरकारी नोकरांच्या पगारातून, लोकांना रोखे विकून पैसा उभा केला. आमच्या कॉन्फरन्सच्या जेमतेम तीन आठवडे आधी, 9 सप्टेंबर 2025 ला, त्याचं उद्घाटन झालं. क्षमता पाच हजार मेगावॉटच्या वर.

"चौऱ्याहत्तर अब्ज घनमीटर म्हणजे टीएमसीमध्ये किती?" एका रात्री मी विचारलं. ती सिव्हिलची. तिने कॅल्सी काढला. "सव्वीसशेच्या आसपास." मग जरा थांबून म्हणाली, "पवनेत साडेआठ मावतं. म्हणजे तीनशे पवना." आणि त्यानंतर बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं झोपली. झोपली नव्हती, तीनशे पवनांत किती ओटे जातील त्याचा हिशेब करत होती.

आमच्या खोलीत पंधरा दिवस हेच चाललं होतं. वायवाच्या तयारीतही आम्ही इतकं जागलो नव्हतो. मी इथिओपियाच्या बाजूने मुद्दे काढायचे, ती इजिप्तच्या. आंतरराष्ट्रीय नद्यांसाठी राष्ट्रसंघाचा 1997चा एक करार आहे. त्याचं पाचवं कलम म्हणतं, पाणी न्याय्य आणि वाजवी रीतीने वापरा. सातवं म्हणतं, दुसऱ्याचं मोठं नुकसान होऊ देऊ नका. वरच्या अंगाचा देश पाचवं कलम पाठ करतो, खालच्या अंगाचा सातवं! महासभेत हा करार 103 विरुद्ध 3 मतांनी मंजूर झाला, 27 देश तटस्थ राहिले. विरोधात तुर्कस्तान, चीन आणि बुरुंडी. तटस्थांत इजिप्तही होता आणि इथिओपियाही. म्हणजे एवढं भांडणारे दोघे निदान एका बाबतीत तरी एकमताचे होते. तटस्थांत भारत होता आणि पाकिस्तानही.

वाचता वाचता तिला अस्वान सापडलं. इजिप्तने 1960च्या दशकात अस्वानचं मोठं धरण बांधलं तेव्हा त्याच्या पाण्यात अबू सिंबेलची देवळं बुडणार होती. युनेस्कोने जगभरातून पैसा जमवला, डोंगरातली ती देवळं करवतीने कापून, दगडांना नंबर घालून, पासष्ट मीटर उंचावर पुन्हा उभी केली. त्याच धरणात इजिप्त आणि सुदानमधल्या मिळून सुमारे एक लाख नुबियन लोकांची गावं गेली. त्यांना दूरच्या वसाहतींत नेऊन टाकलं.

"आमचं वाघेश्वराचं देऊळ पण धरणात आहे," ती म्हणाली. "पावसाळ्यात बुडतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. लोक जाऊन नमस्कार करून येतात." मग म्हणाली, "त्याला कुणी नंबर नाही घातले."

त्या रात्रीनंतर तिचा इजिप्तवरचा राग गेला. ज्या देशाने आपलीच माणसं बुडवलीत तो देश तिला ओळखीचा वाटायला लागला असावा.

आता अडचण सांगते. कॉन्फरन्सची भाषा इंग्रजी. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. इंग्रजी बोलताना मला जीभ शोधावी लागत नाही, उलट मराठीत लिहिताना र्‍हस्व-दीर्घ शोधावे लागतात (संपादकांनी सुधारले असतीलच). तिचं शिक्षण आधी झेडपीच्या शाळेत, मग मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये. ती इंग्रजी वाचते माझ्याहून बारकाईने. त्या कराराची सगळी कलमं तिने पेन्सिलीने खुणा करत वाचली, मी फक्त समरी वाचली. पण चारचौघांत उभं राहून बोलायचं म्हटलं की तिचं वाक्य "द डेलिगेट ऑफ इजिप्त..." इथेच अडतं.

पहिल्या दिवशी तसंच झालं. पुण्या-मुंबईची मुलं सरसावलेली. "ऑनरेबल चेअर, एस्टीम्ड फेलो डेलिगेट्स" असं ज्या वेगाने म्हणत होती, त्या वेगाने आपली मेसची रांगही सरकत नाही. सस्टेनेबल, इन्क्लुझिव्ह, स्टेकहोल्डर, फ्रेमवर्क. मी मोजत बसले होते, दोन तासांत "शेतकरी" हा शब्द किती वेळा आला ते. फार्मर एकदा आला, तोही सोलर पॅनेलच्या जाहिरातीसारखा. भारताच्या प्रतिनिधीची मात्र खरी गोची झाली होती. सिंधू नदीच्या बाबतीत भारत वरच्या अंगाला, आणि 1960चा सिंधू करार भारताने एप्रिल 2025मध्ये स्थगित ठेवलेला. ब्रह्मपुत्रेच्या बाबतीत भारत खालच्या अंगाला, आणि चीनने तिच्यावर प्रचंड धरणाचं काम जुलै 2025मध्ये सुरू केल्याचं जाहीर केलेलं. बिचारी मुलगी दहाच्या सुमारास पाकिस्तानला "सार्वभौमत्व" सांगत होती आणि साडेअकराला चीनला "खालच्यांचे हक्क". मला तिचं कौतुक वाटलं, कारण ती दोन्ही वेळा तितक्याच खरेपणाने बोलत होती.

इजिप्तची पाटी दिवसभर टेबलावरच राहिली. संध्याकाळी बसमध्ये ती म्हणाली, "उद्या मी नाही येत. तू एकटीच भांड."

त्या रात्री मी भांडले खरी, पण नियमावलीशी. खऱ्या महासभेची नियमावली इंटरनेटवर आहे. तिच्या त्रेपन्नाव्या नियमात लिहिलंय, की कुणाही प्रतिनिधीला महासभेच्या भाषांखेरीज दुसऱ्या भाषेत भाषण करता येतं. फक्त महासभेच्या एखाद्या भाषेत दुभाष्याची सोय त्याने स्वतः करायची. आपल्या वाजपेयींनी 1977 साली महासभेत हिंदीत भाषण केलं होतं, तेव्हाही हिंदी काही त्या भाषांच्या यादीत नव्हती. आणि खरं तर इजिप्तचा प्रतिनिधी इंग्रजीत कशाला बोलेल? त्याला अरबी आहे, 1973 पासून महासभेची अधिकृत भाषा! मी तिला उठवलं. रात्रीचा दीड वाजला होता. "तू मराठीत बोल," मी म्हटलं. "दुभाषी मी."

"तू तर इथिओपिया आहेस," ती पांघरुणातून म्हणाली.

सकाळी मी पॉइंट ऑफ ऑर्डर घेतला. चेअरवरची मुलगी कायद्याच्या कॉलेजची होती, तिने नियम स्वतः वाचला, बाजूच्या दोघांशी बोलली. एकाला ते मुळीच पटलं नव्हतं, त्याच्या हातवाऱ्यांवरून कळत होतं. मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. शेवटी परवानगी मिळाली, पण अट अशी, की भाषण आणि भाषांतर मिळून नव्वद सेकंद. म्हणजे तिला पंचेचाळीस.

ती उभी राहिली. हातात कागद नव्हता. जे बोलली ते मला शब्दशः आठवतंय, कारण एकेक वाक्य मला दुसऱ्या भाषेत न्यायचं होतं.

"अध्यक्ष महोदया, आमच्याकडे पाऊस पडत नाही. आमच्या विहिरीला पाणी येतं ते नदीचं, आणि नदीला येतं ते दुसऱ्याच्या डोंगरावरचं. धरण बांधू नका असं आम्ही म्हणत नाही. आम्ही पण बांधलंय, आणि त्यात आमच्याच माणसांची घरं घातलीत. आमचं मागणं एवढंच, दुष्काळाच्या साली किती पाणी सोडणार ते आज लिहून द्या. दार कधी उघडणार हे खालच्या माणसाला पाणी अंगावर आल्यावर कळू नये. नदी आपली आहे."

शेवटच्या वाक्यापर्यंत माझी गाडी सुरळीत चालली होती. तिथे अडली. "आपली" म्हणजे काय? इंग्रजीत एकच शब्द, "अवर्स". पण इजिप्तची प्रतिनिधी उभी राहून "द रिव्हर इज अवर्स" म्हणाली, तर सगळे तेच समजणार जे इजिप्त 1959 पासून म्हणत आलाय: नदी आमची. आणि ती "आमची" म्हणाली नव्हती. सुरुवातीला तिने "आमच्याकडे", "आमच्या विहिरीला" म्हटलं होतं, नदीपाशी येऊन "आपली" म्हटलं. मराठीत पोरासोराला कळतो असा हा फरक, आणि महासभेच्या सहा भाषांतली निदान ही एक भाषा तो एका शब्दात सांगू शकत नाही. घड्याळात चार सेकंद उरले होते. मी म्हटलं, "द रिव्हर बिलॉंग्ज टू द स्पीकर अँड ऑल्सो टू द इंटरप्रिटर."

सभागृहात निम्म्याहून जास्त मुलांना मराठी कळत होतं. त्यांनी आधीच टेबलं वाजवायला सुरुवात केली होती. उरलेल्यांनी मग वाजवली. चेअरने हातोडी आपटली, पण हसत.

जेवणाच्या सुट्टीत आमच्या टेबलाशी गर्दी झाली. तुर्कस्तान झालेला मुलगा, जो दिवसभर सार्वभौमत्वाखेरीज दुसरं बोलला नव्हता, येऊन विचारतो, "तू पवनानगरची का? आमचं फार्महाऊस आहे तिकडे." ती म्हणाली, "माहितेय. आमच्या शेताच्या वरच आहे." माझ्या मते तो सगळ्या कॉन्फरन्समधला सगळ्यात चांगला संवाद होता, पण तो कुठल्याही रेकॉर्डवर नाही.

मग ठरावाचा मसुदा. दुष्काळाच्या वर्षांत सोडायचं पाणी लेखी ठरवावं, धरणाच्या पातळीची माहिती खालच्या देशांना रोज द्यावी, आणि तिने हट्टाने घालायला लावलेलं एक कलम: ज्यांची जमीन धरणात गेली त्यांना त्या धरणाची वीज आणि पाणी आधी, मग शहरांना. हे शेवटचं कलम विषयाला धरून नाही असं तिघाचौघांचं मत होतं. ती हटली नाही. कागदावर लिहिताना तिचं इंग्रजी कुठेच अडत नव्हतं.

ठराव मंजूर झाला. तुर्कस्तान आणि चीन विरोधात गेले, तसं त्यांनी जायलाच हवं होतं. इथिओपिया तटस्थ राहिला.

हो, मी तटस्थ राहिले. यावरून आमच्या खोलीत दोन दिवस अबोला होता, आणि तो सगळ्या मजल्याने एन्जॉय केला. तिचं म्हणणं, "माझं भाषण तूच सांगितलंस आणि मत द्यायच्या वेळी हात खाली?" माझं म्हणणं वेगळं होतं आणि आजही तेच आहे. दुभाषी म्हणून मी इजिप्तचं बोलणं पोचवलं, पण पाटी इथिओपियाची होती. धरणाचं काम सुरू झालं तेव्हा ज्या देशात बहुसंख्य घरांत वीज नव्हती, ज्याला वाटणीच्या वेळी कुणी बोलावलं नाही, तो देश पाण्याचा आकडा लिहून द्यायला इतक्या सहजासहजी तयार होणार नाही. खरा इथिओपिया आजवर झालेला नाही. माहिती रोज देऊ, जमीन गेलेल्यांना आधी देऊ, इथपर्यंत मी हो म्हटलं असतं. आकड्याला नाही. कलमं वेगवेगळी मतदानाला घ्या अशी सूचना मी केली होती, ती फेटाळली गेली. मग तटस्थ राहण्यावाचून काय होतं?

अबोला सुटला तो दिवाळीच्या सुट्टीत, तिच्या घरी. कामशेतला उतरलो, तिथून सहाआसनीने पुढे. ओट्यावर आजी बसल्या होत्या. तिने माझी तक्रार सगळ्यात आधी त्यांच्याकडे केली: नदी, वरचा देश, खालचा देश, धरण, ठराव, आणि ही बया हात खाली करून बसली. आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "पाऊस कुनाच्या डोंगरावं पडतो?"

"आमच्या," मी म्हटलं. म्हणजे इथिओपियाच्या.

"मंग आदी तुला इचाराय पायजे व्हतं त्यांनी," आजी म्हणाल्या. नातीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं! पण मी फार खूश व्हायच्या आत त्यांनी पुढचा प्रश्न केला. "आन् तुमी धरान बांधलं, त्यात ज्येंच्या जिमिनी गेल्या, त्यांस्नी इचारलं व्हतं का?"

तिथल्या गुमुझ लोकांना नदीकाठची शेतं सोडून दुसरीकडे जावं लागलं होतं. हे मी तयारीच्या वेळी वाचलं होतं आणि माझ्या भाषणात कुठेही घेतलं नव्हतं, कारण कुठलाच देश आपल्या भाषणात ते घेत नाही. आजींना मी ते सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि चहाचं बघायला आत गेल्या. आतून विचारलं, साखर किती.

आता थोडं कामाचं. पुढच्या कॉन्फरन्सला एक समिती मराठीत घ्यावी असा अर्ज आम्ही दोघींनी आयोजकांना दिला आहे. विषय सुचवलाय पवनेचं पाणी. देशांऐवजी धरणग्रस्त, काठचे शेतकरी, महापालिका, पाटबंधारे खातं आणि काठावरचे तंबूवाले असे प्रतिनिधी. पाटी कुणाला कुठली मिळेल ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या मुलाला धरणग्रस्त व्हावं लागेल आणि माझ्या रूममेटला कदाचित महापालिका. तिने आतापासूनच कुरकुर सुरू केलीय. आयोजकांचं उत्तर अजून आलेलं नाही. ज्यांना नाव द्यायचं असेल त्यांनी रात्री जेवणानंतर आमच्या खोलीवर यावं, ब्लेझरची गरज नाही. दार उघडंच असतं, कारण सहानंतर पाणी आलं की कुणीतरी ओरडावं लागतं.